वाचकांचे प्रश्न : गॅरेजच्या दरवाजाची फट आणि खारी हवा

पावसाळा सरत आला की या सदराकडे अडकलेल्या दरवाजांच्या तक्रारी येऊ लागतात आणि दसऱ्याच्या सुमारास त्यांचा भर ओसरतो, कारण तोवर लाकूड आक्रसलेले असते व दरवाजा आपसूक सुटलेला असतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लोखंडी ट्रॅक आणि रोलर यांच्याबद्दल आहेत. लोखंडाचे दुखणे दसऱ्याने बरे होत नाही, म्हणून या वेळची सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : अलिबागजवळ समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आमचे घर आहे. गॅरेजला चार आडव्या फळ्यांचा, वर सरकून छताखाली जाणारा पत्र्याचा दरवाजा सहा वर्षांपूर्वी बसवला. रुंदी २.४ मीटर आणि उंची २.१ मीटर आहे. दोन पावसाळ्यांपासून तो उघडताना डावीकडे वरच्या भागात घासतो. एका कारागिराने ट्रॅकची कड हातोडीने ठोकून रुंद करून दिली. घासणे कमी झाले, पण आता एक रोलर मधूनच बाहेर येतो. आपल्या जुन्या एका उत्तरात वाचल्याप्रमाणे दरवाजा बंद ठेवून फळीची कड आणि ट्रॅक यांमधली फट प्रत्येक रोलरपाशी मोजली. खालून वर डावीकडे १३, १२, १०, ७ आणि ५ मिलिमीटर, तर उजवीकडे १२, १२, १३, १२ आणि १२ मिलिमीटर अशी मापे आली. फट नेमकी किती असावी आणि ती कशी दुरुस्त करावी?

उत्तर : आपण मापे पाठवलीत त्यामुळे अर्धे काम झाले आहे. आता एवढेच करा की दोन्ही बाजूंची मापे समोरासमोर ठेवून त्यांची बेरीज करा. ती खालून वर २५, २४, २३, १९ आणि १७ अशी येते. दरवाजाची रुंदी बदलत नाही, तेव्हा बेरीज कमी होत गेली याचा अर्थ दोन ट्रॅकमधले अंतरच वर कमी झाले आहे, आणि उजवीकडची मापे जवळजवळ सारखी असल्यामुळे डावा ट्रॅक माथ्याशी ८ मिलिमीटर आत झुकला आहे हे उघड होते. याउलट बेरीज सगळीकडे सारखी येऊन एकीकडे कमी व दुसरीकडे जास्त असती, तर दोष ट्रॅकचा नसून दरवाजाच एका अंगाला सरकला आहे, बहुधा दरवाजा उचलणाऱ्या दोन बाजूंच्या तारांचा ताण असमान आहे, असे म्हणावे लागले असते. त्या दुखण्यात ट्रॅक हलवणारा माणूस चांगल्याचे वाईट करून ठेवतो.

या प्रकारच्या दरवाजाला फळीची कड आणि ट्रॅक यांमध्ये दोन्ही बाजूंना साधारण १२ मिलिमीटर फट ठेवावी. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालते, पण ती फट वरपासून खालपर्यंत सारखी असणे हे तिच्या नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. रोलरचा दांडा बिजागरीच्या नळीत घट्ट बसवलेला नसतो. तो आतबाहेर सरकावा अशीच रचना असते आणि लहानसहान फरक तोच पचवतो. आपला ट्रॅक ज्या ठिकाणी आत आला आहे, त्या जागेवरून दरवाजा वर जाताना जवळजवळ प्रत्येक फळीला जावे लागते. म्हणून घासण्याचा आवाज एकाच ठिकाणाहून येतो, पण झीज मात्र सगळ्या फळ्यांच्या कडांची होते.

कड ठोकून रुंद करणे हा उपाय नव्हे. ट्रॅकची आत वळलेली कड रोलरला धरून ठेवते. वारा दरवाजाला आत ढकलतो तेव्हा फळ्या मधोमध वाकतात, त्यांची टोके एकमेकांच्या जवळ येतात आणि रोलर ट्रॅकमधून बाहेर ओढले जाऊ लागतात. त्या घडीला कड शाबूत नसेल तर दरवाजा आत कोसळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, वेग धरला तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६ या आपल्याकडच्या प्रचलित सूत्रानुसार दर चौरस मीटरवर ५४० न्यूटन दाब येतो. आपल्या सुमारे ५ चौरस मीटरच्या दरवाजावर तो पावणेतीनशे किलो वजनाइतका होतो आणि ते वजन दहा रोलरमध्ये वाटले जाते, तेही सारखे नाही. ठोकलेला तुकडा सरळ करण्याच्या भरीस पडू नका. तेवढा उभा भाग बदलून घ्या.

मग झुकलेला ट्रॅक. त्याचे कारण माझ्या मते वरच्या कंसांच्या, म्हणजे ब्रॅकेटच्या, बोल्टमध्ये आहे. ट्रॅक ज्या पट्ट्यांनी भिंतीच्या चौकटीला धरलेला असतो, त्या पट्ट्यांमध्ये लांबट खाचा असतात आणि बोल्ट त्या खाचांमध्ये दाबून बसवलेले असतात. खालच्या बोल्टवर पावसाची झड येते, त्यावरचे मीठ धुऊन जाते. वरचे बोल्ट वळचणीखाली कोरडे राहतात, त्यांच्यावर खाऱ्या वाऱ्याने आणलेले मीठ साठत जाते, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवते. आडोशाचा लोखंडी भाग उघड्यावरच्या भागापेक्षा आधी गंजतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून पटत नाही. जिन्याखालच्या नळाला किंवा पत्र्याच्या आतल्या बाजूला हात लावला की पटते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. वॉशरखाली तो फुगतो, पट्टीला ढकलतो, पुढे त्याची भुकटी होऊन गळून पडते आणि आवळलेला बोल्ट सैल होतो. आपली चौकट फणसाची किंवा सागाची असेल तर तिचे पावसाळ्यात फुगणे आणि उन्हाळ्यात आक्रसणे त्यात भर घालते.

दुरुस्ती करताना दरवाजा पूर्ण बंद असावा आणि मोटर असल्यास तिची वायर काढून ठेवावी. दोन गोष्टींना हात लावू नये : दरवाजाच्या वरच्या दांड्यावरची पिळाची स्प्रिंग, आणि सर्वांत खालच्या फळीच्या कोपऱ्यातली तार बांधलेली पट्टी. दरवाजा बंद असताना त्या दोन्हींवर पूर्ण ताण असतो. खालच्या पट्टीचे स्क्रू काढणाऱ्याचा हात मोडतो, आणि हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. काही उत्पादक त्या स्क्रूंना मुद्दाम लाल रंग देतात.

बाकीचे काम कोणताही नीटस फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करू शकेल. डावीकडचे बोल्ट एकावेळी एकच काढून नवा घालावा, म्हणजे ट्रॅक कधीच मोकळा लोंबत नाही. सगळे नवे बोल्ट बोटाने फिरतील इतके सैल ठेवून १२ मिलिमीटर प्लायवुडचा एक तुकडा फळीची कड आणि ट्रॅक यांमध्ये धरावा व ट्रॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकावे. तुकडा जेमतेम सरकेल तिथे बोल्ट आवळावा. फट मोजायचे फिलर गेज वगैरे लागत नाही.

इथे एक मेख आहे, आणि आपल्याकडचे चांगले चांगले कारागीर तिथे फसतात. ओळंबा लावल्यावर डावी-उजवीकडे ट्रॅक अगदी सरळ हवा, पण पुढे-मागे तो सरळ नसतो, नसायलाच हवा. उभा ट्रॅक खाली चौकटीच्या जवळ आणि वर थोडा दूर असा तिरका बसवलेला असतो, म्हणून दरवाजा उघडू लागताच चौकटीपासून सुटतो आणि बंद होताना शेवटच्या बोटभर अंतरात चौकटीवर दाबला जातो. हा तिरकेपणा भरून काढण्यासाठी बाजूच्या बिजागऱ्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. खालच्या जोडाला १, त्याच्या वर २, त्याच्या वर ३ असा क्रम असतो, आणि आकडा वाढतो तशी रोलरची नळी फळीपासून दूर जाते. कोणी बिजागरी बदलताना आकडा न पाहता हाताला आली ती लावली असेल, तर फट कितीही नेटकी केली तरी रोलर ट्रॅकच्या भिंतीला घासत राहतो. गंजावर रंगाचे थर चढले असतील तर आकडे दिसत नाहीत. पॉलिश पेपरने घासून पाहावेत.

उभा ट्रॅक जिथे वळणाला जोडला जातो, तिथे शेवटी बोट फिरवून पाहावे. नखाला लागेल एवढी पायरी तिथे राहिली असेल तर प्रत्येक रोलर तिच्यावरून जाताना ठक असा आवाज करील आणि चाकाची कड खाईल. छताखालच्या दोन आडव्या ट्रॅकमधले अंतर पुढे आणि मागे सारखे आहे, आणि त्यांचे दोन्ही कर्ण समान आहेत, हेही त्याच वेळी मोजून घ्यावे.

प्रश्न : गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगत चिऱ्याचे घर बांधत आहोत. गॅरेजच्या दरवाजासाठी ट्रॅक, कंस, बोल्ट आणि रोलर घ्यायचे आहेत. दुकानदार साधे, चकचकीत पांढरे, ‘जीआय’ (जस्त चढवलेले लोखंड) आणि ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) असे चार भाव सांगतो आणि एसएसमध्ये पुन्हा दोन. शिवाय चिऱ्याच्या भिंतीत अँकर टिकत नाहीत असे गवंडी म्हणतो. काय घ्यावे?

उत्तर : गवंड्याचे ऐका. चिरा जांभ्याचा असतो, आणि जांभा हा सच्छिद्र दगड आहे. काढताना मऊ असतो आणि हवेत कडक होतो, तरी त्याच्या आत पोकळ्या आणि मातीचे गुंडे राहतात. फुगून पकड घेणारा लोखंडी अँकर त्या पोकळीत फुगतो, आजूबाजूचा चिरा ठिसूळ असेल तर त्याला तडा देतो, आणि दरवाजाच्या धक्क्यांनी वर्षभरात भोक मोठे होते. घर अजून बांधले जात आहे हे आपले भाग्य समजा आणि दरवाजाच्या दोन्ही बाजूंना व वर, जिथे कंस येणार आहेत तिथे, काँक्रीटचे खांब व तुळई धरून घ्या. ते शक्य नसेल तर भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे १०० मिलिमीटर चौरस आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी द्यावी. जाळीच्या नळीत रासायनिक चिकट भरून बसवलेला बोल्टही चालतो, पण भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने पूर्ण काढली नाही तर ते चिकट धुळीला चिकटते, भिंतीला नव्हे. काँक्रीटमध्ये समुद्राची वाळू येऊ देऊ नका. मीठ आतूनच कामाला लागते.

आता चार भावांचे. चकचकीत पांढरा बोल्ट म्हणजे विजेने जस्त चढवलेला, आणि तो थर साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ‘जीआय’ हा शब्द दुकानात ढोबळपणे वापरला जातो, त्यामुळे ‘वितळलेल्या जस्तात बुडवलेला आहे का’ असे स्पष्ट विचारावे. बुडवलेल्या मालाचा पृष्ठभाग किंचित खडबडीत आणि राखाडी असतो, आरशासारखा नसतो. ५ मिलिमीटर व त्याहून जाड पोलादी भागांवर भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त लागते, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते आणि ते जवळजवळ थराच्या जाडीच्या प्रमाणात टिकते, तेव्हा भावातला फरक कशाचा आहे हे हिशेबाने कळते. ट्रॅक मात्र पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा वळवलेला असतो आणि चौरस मीटरला २७५ ग्रॅमचा पत्रा घेतला तरी ते जस्त दोन्ही अंगे मिळून असते. एका अंगाला २० मायक्रॉनही येत नाही. म्हणून ट्रॅकची बाहेरची बाजू बसवण्यापूर्वीच रंगवून घ्यावी, आणि रोलर फिरतो ती आतली बाजू रंगवू नये.

एसएसमधले दोन भाव म्हणजे ३०४ आणि ३१६. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाच्या हवेत तेच उपयोगी पडते. समुद्र दिसतो अशा घरात ३०४ वर वर्षा-दोन वर्षांत चहाच्या डागासारखे तपकिरी डाग येतात. ते बहुधा वरवरचे असतात, बोल्ट लगेच तुटत नाही, पण पैसे मोजून डाग कोण घेईल? लोहचुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. बोल्टच्या माथ्यावर कोरलेले पाहावे : ए२-७० म्हणजे ३०४ च्या जातीचा आणि ए४-७० किंवा ए४-८० म्हणजे ३१६ च्या जातीचा. माथा कोरा असेल तर तो दुकानदाराच्या शब्दावर घेतलेला बोल्ट आहे.

माझा सल्ला असा की कंस आणि पट्ट्या जस्तात बुडवलेल्या घ्याव्यात, आणि बोल्ट, नट व वॉशर ३१६ चे घ्यावेत. लहान एसएस बोल्ट मोठ्या जस्ती पट्टीत असला तर तो पट्टीला फारसे खात नाही. उलटे मात्र कधी करू नये, कारण एसएसच्या मोठ्या पट्टीत साधा लोखंडी बोल्ट घातला तर सगळी झीज त्या एकट्या बोल्टच्या वाट्याला येते आणि एकाच पावसाळ्यात त्याचा माथा गळून पडलेला मी पाहिला आहे. एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर आटे एकमेकांत रुतून बसतात व पुढे पान्याने बोल्टच पिळवटतो, म्हणून आट्यांना बोटाने थोडे ग्रीस लावून आवळावे. जस्ती पट्टीवर जागेवर वेल्डिंग करायची वेळ आली तर जस्त जळते आणि त्याचा धूर छातीत जाऊ देण्यासारखा नसतो. त्यामुळे भोके पाडून बोल्ट घालण्याचा आग्रह धरावा. फॅब्रिकेटर कुरकुरेल. कुरकुरू द्या.

रोलरच्या बाबतीत नायलॉनचे चाक आवाज कमी करते आणि गंजत नाही, म्हणून सगळे तेच सुचवतात, आणि ते बरोबरही आहे. तरी साधे नायलॉन पाणी पिते. पूर्ण मुरले तर वजनाच्या सुमारे ९ टक्के. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, त्यामुळे ४६ मिलिमीटर व्यासाच्या चाकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडू शकतो. उन्हाळ्यात ट्रॅकमध्ये नेमके बसवलेले चाक पावसाळ्यात घट्ट होते ते यामुळे, आणि दोष ट्रॅकला दिला जातो. ॲसिटल नावाचे प्लास्टिक मिळाले तर ते फारच कमी पाणी शोषते. न मिळाल्यास नायलॉन घ्यावे, पण चाक ट्रॅकमध्ये बोटाने हलवल्यावर दीड-दोन मिलिमीटर मोकळे हलले पाहिजे. चाकाच्या आत बेअरिंग हवे आणि ते दोन्ही अंगांनी झाकलेले हवे. उघड्या गोळ्यांचे स्वस्त रोलर खाऱ्या हवेत दोन वर्षांत फिरायचे थांबतात व ट्रॅकमध्ये घसरत राहतात.

प्रश्न : देवगडजवळ आमची आंब्याची बाग आहे. गाडी आणि हंगामात पेट्या ठेवण्यासाठी शेड बांधली आहे. तिला वरच्या चॅनेलला टांगलेला, बाजूला सरकणारा लोखंडी दरवाजा करायचा आहे, २.७ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच. शेजाऱ्याचा असाच दरवाजा वाऱ्यात घंटेसारखा हलतो आणि एकदा चॅनेलमधून निसटलाही. आमचा तसा होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : आधी वजन काढा. दुकानात रोलरची जोडी ‘हेवी’ किंवा ‘मीडियम’ अशा नावाने मिळते आणि त्या शब्दांना काही अर्थ नसतो. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला ७.८५ किलो भरते. आपला दरवाजा सुमारे ६.५ चौरस मीटरचा आहे; १.२ मिलिमीटर पत्रा घेतला तर ६१ किलो झाले. चौकट ४० बाय ४० च्या २ मिलिमीटर जाड चौकोनी पाइपची, तो मीटरला सुमारे २.३ किलो; कडेचे १० मीटर आणि मधल्या दोन उभ्या धरून १५ मीटरचे ३५ किलो. कड्या, कुलूप, रंग मिळून दरवाजा शंभर किलोचा होतो. टांगायला दोन रोलर असले तरी प्रत्येकाने एकट्याने शंभर किलो पेलावे असा घ्यावा, कारण दरवाजा आदळतो किंवा चॅनेलमध्ये खडा येतो तेव्हा क्षणभर सगळे वजन एकावरच असते.

चॅनेल दरवाजाच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा कमी लांब असून चालत नाही, आणि त्याला दर ६०० मिलिमीटरवर कंस हवा. कंस बसवताना लेव्हल पाइपने दोन टोकांची पातळी पाहतात, मधली पाहत नाहीत; मध्ये चॅनेल झोल खातो आणि दरवाजा दर वेळी आपोआप मधोमध येऊन थांबतो. दोरी ताणून पाहावी.

आता फटी. डबीसारख्या चॅनेलमध्ये चाकाच्या माथ्यावर २ ते ३ मिलिमीटर मोकळी जागा पुरे. शेजाऱ्याच्या दरवाजात ती बोटभर असणार, म्हणूनच वाऱ्याने खालून उचलल्यावर चाक उसळले. खाली जमिनीपासून १० ते १२ मिलिमीटर अंतर ठेवावे आणि दरवाजाच्या तळाशी उलटे चॅनेल लावून त्यात जमिनीला घट्ट केलेला मार्गदर्शक खुंटा यावा, दोन्ही अंगांना ३ मिलिमीटर मोकळा. खुंटा एकच ठेवण्याची पद्धत आहे, ती आपल्या किनाऱ्यावर पुरत नाही. दरवाजा बंद असताना दुसरे टोक मोकळे राहते आणि तेच घंटेसारखे हलते, म्हणून बंद स्थितीत दुसरे टोकही एका खाचेत जाऊन बसेल असे करावे. दोन्ही टोकांना रबर लावलेले अडथळे विसरू नयेत.

लोखंडी दरवाजा उन्हाने किती वाढेल याची अनेकांना काळजी असते. पोलाद १ मीटरला दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढते, २.७ मीटरच्या दरवाजात २५ अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरही होत नाही. लाकडाची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे माझी स्वतःची फजिती झालेली आहे. दापोलीकडच्या आमच्या घरी मी मे महिन्यात फणसाच्या फळ्यांचा सरकता दरवाजा करून घेतला, आणि खालच्या मार्गदर्शकात दोन्ही अंगांना दीड-दीड मिलिमीटर फट ठेवून स्वतःच्या नेमकेपणावर खूष झालो. लाकूड रेषांच्या आडवे जितके फुगते तितके लांबीत फुगत नाही, हे मला ठाऊक होते. पण तळाची फळी मी रुंदीच्या बाजूने त्या खाचेत बसवली होती. जुलैच्या मध्यावर दरवाजा अडकला आणि आतली स्कूटर गणपती होऊन गेल्यावर बाहेर निघाली. लाकडाला प्रत्येक अंगाला ५ मिलिमीटर ठेवा.

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या आमच्या घराला गॅरेजसमोर जमिनीवरच्या रुळावर चालणारे सरकते गेट आहे. रुळात वाळू जाते आणि चाक उडी मारते. रूळ रुंद करावा का?

उत्तर : रूळ रुंद करू नये. रुळाला खाच असेल आणि चाक त्या खाचेत फिरत असेल, तर ती खाच वाळूसाठी पन्हळच ठरते. जमिनीवर अँगल उपडा, म्हणजे कणा वर करून, काँक्रीटमध्ये बसवून घ्यावा व चाक व्ही खाचेचे घ्यावे, म्हणजे वाळू दोन्ही बाजूंना घसरते. गोल सळईचा रूळ आणि यू खाचेचे चाक हा पर्यायही बरा आहे. गेटच्या माथ्याशी जे दोन उभे नायलॉन रोलर गेटला तोलून धरतात, त्यांच्यात आणि गेटच्या पाइपमध्ये प्रत्येकी ३ ते ४ मिलिमीटर जागा हवी. ते घट्ट असतील तर वाळूवर चढलेल्या चाकाला परत खाली येता येत नाही, आणि बहुतेक उड्यांचे कारण खाली नसून वरच्या या जोडीत सापडते. चाकाच्या बेअरिंगवर ‘२आरएस’ लिहिलेले पाहावे. ती रबराने बंद असतात. ‘झेडझेड’ लिहिलेली पत्र्याने झाकलेली असतात आणि त्यांच्यात खारे पाणी शिरते.

प्रश्न : दरवाजाच्या ट्रॅकला घरचे खोबरेल तेल लावले तर चालेल का? वडील तेच लावत असत.

उत्तर : वडिलांच्या काळी कदाचित लाकडी खुंटीवर फिरणारा दरवाजा असेल, आणि तिथे ते चालूनही गेले असेल. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणजे पौषातल्या सकाळी आपल्या ट्रॅकमध्ये मेण भरलेले असेल. उरलेले वर्षभर ते खवट होऊन चिकट बनते, त्यावर धूळ व मीठ बसते आणि मुंग्यांची रांग लागते ती वेगळीच. मुळात ट्रॅकच्या आत कोणतेच तेल किंवा ग्रीस लावायचे नसते, तो ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा असतो. महिन्यातून एकदा कंसांवर व बोल्टवर गोडे पाणी मारून मीठ उतरवावे, विशेषतः वळचणीखाली पाऊस पोहोचत नाही त्या ठिकाणी. वंगण लागते ते बिजागरीच्या जोडांना आणि रोलरच्या दांड्याला, आणि ते शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब एवढेच.